छडी हाती न घेणारा जेरुसलेमचा मास्तर : खलील सकाकिनी

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गात ऑफ तास होता आणि मुलांमध्ये गाझाचा विषय निघाला. मोबाइलवर सगळ्यांनी काही ना काही पाहिलेलं. एका मुलाने मला विचारलं की सर, ज्यू लोक सुरुवातीपासूनच आपले दुश्मन आहेत का? दुसऱ्याने लगेच उत्तर देऊन टाकलं की ही मुसलमान आणि ज्यूंची हजार वर्षांची लढाई आहे. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं की मग त्या भागातले ख्रिश्चन कोणाच्या बाजूने आहेत? त्यावर सगळा वर्ग गप्प झाला. खरं सांगायचं तर मीही थोडा गप्प झालो. तारखा मला पाठ होत्या, पण तारखा सांगून त्या मुलीचं समाधान झालं नसतं.

घरी येऊन विचार केला की मुलांना करार आणि ठराव सांगण्याआधी एका माणसाची जिंदगी सांगावी. माणूस असा हवा की ज्याने हे सगळं आपल्या अंगावर झेललं. मला आठवले खलील सकाकिनी. अरब जगात शाळेत गेलेल्या जुन्या पिढीला हे नाव चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जे सांगितलं, तेच इथे थोडं विस्ताराने लिहितो. घरी मुलं असा प्रश्न विचारत असतील तर आई-वडिलांनाही उपयोग होईल.

सुतारकाम करणाऱ्याचा मुलगा

खलील सकाकिनी यांचा जन्म २३ जानेवारी १८७८ रोजी जेरुसलेममध्ये, म्हणजे आपण ज्याला बैतुल मुकद्दस म्हणतो त्या शहरात झाला. वडील सुतारकाम करायचे. घराणं अरब, मातृभाषा अरबी, आणि धर्म ख्रिश्चन. ते ऑर्थोडॉक्स चर्चचे होते. पहिली गोष्ट मुलांनी इथेच समजून घ्यावी. पॅलेस्टिनी म्हणजे फक्त मुसलमान नव्हे. मुसलमान बहुसंख्य आहेत, पण ख्रिश्चन पॅलेस्टिनीही त्याच मातीतले आहेत, तीच भाषा बोलतात आणि त्यांनीही तेच सोसलं.

त्या वेळी तिथे उस्मानी खिलाफतीचं राज्य होतं. जेरुसलेमच्या जुन्या शहरात मुसलमान, ख्रिश्चन, ज्यू आणि आर्मेनियन अगदी जवळजवळ राहायचे. भांडणं होत नव्हती असं नाही, पण रोजचा बाजारहाट आणि शेजारधर्म चालू होता.

खलील यांनी मिशनरी शाळेत शिक्षण घेतलं आणि अरबी भाषेवर प्रभुत्व मिळवलं. १९०७ मध्ये नशीब काढायला ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये अरबी शिकवण्या केल्या, अरबी छापखान्यांची कामं केली, मेन राज्यातल्या कागदाच्या कारखान्यात मजुरीही केली. हाताला फार काही लागलं नाही. १९०८ मध्ये तुर्कस्तानात क्रांती झाली, पुन्हा राज्यघटना लागू झाली आणि वतनात काहीतरी नवं घडेल या आशेने ते वर्षभरातच परतले. पुढे १९१२ मध्ये सुलताना यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांच्यावर खलील यांचं जिवापाड प्रेम होतं.

मार्क नाहीत, बक्षीस नाही, छडी नाही

१९०९ मध्ये खलील यांनी साथीदारांबरोबर जेरुसलेममध्ये एक शाळा काढली. नाव ठेवलं दस्तूरिया, म्हणजे राज्यघटनेची शाळा. दस्तूर हा शब्द आपल्याकडे उर्दूतही आहेच. या शाळेत मार्क नव्हते, बक्षिसं नव्हती आणि शिक्षाही नव्हती. संगीत होतं, व्यायाम होता, सहली होत्या. सरकारी भाषा तुर्की असताना शिकवणं अरबीतून होतं. मुसलमान आणि ख्रिश्चन मुलं एकाच बाकावर बसायची. मी बी.एड. करताना आम्हाला बालकेंद्री शिक्षण म्हणून जे शिकवलं, ते या माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुलाची इज्जत राखली तरच ते मूल पुढे आपली आणि आपल्या मुल्काची इज्जत राखायला शिकेल.

१९२४ मध्ये त्यांचं पहिलीचं वाचनाचं पुस्तक आलं. त्याचं नाव अल-जदीद, म्हणजे नवं. तोवर मुलं अलिफ, बे, ते घोकत बसायची. यांनी थेट चित्र आणि अख्खा शब्द समोर ठेवला. पहिला शब्द होता रास, म्हणजे डोकं. पुढचा रूस, म्हणजे डोकी. आपण ज्याला रईस म्हणतो तो शब्दही याच घराण्यातला. अरब मुलांच्या कित्येक पिढ्या या पुस्तकावर वाचायला शिकल्या.

आपल्या माणसांनाही खरं सुनावायला ते कचरत नसत. त्यांच्या चर्चची सूत्रं ग्रीक धर्मगुरूंच्या हाती होती आणि स्थानिक अरबांना तिथे विचारत नव्हते. १९१३ मध्ये त्यांनी याविरुद्ध पुस्तिका काढली. चर्चने त्यांना बाहेर काढलं. त्यांनी ते मान्य केलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

दारात आलेला ज्यू

आता त्यांच्या आयुष्यातली ती गोष्ट, जी ऐकून माझा वर्ग सगळ्यात शांत झाला.

१९१७ चा हिवाळा. पहिलं महायुद्ध चालू होतं. इंग्रज फौजा जेरुसलेमच्या जवळ आल्या होत्या. अमेरिका शत्रूच्या गोटात गेली म्हणून उस्मानी अधिकाऱ्यांनी अमेरिकन नागरिकांची धरपकड सुरू केली. लपवणाऱ्यालाही देशद्रोही समजलं जाणार होतं. अशा वेळी सकाकिनींच्या दारात एक माणूस आला. त्याचं नाव आल्टर लेव्हिन. जन्माने रशियातला ज्यू, नागरिकत्व अमेरिकन, धंदा विम्याचा. हिब्रूत कविताही करायचा. सकाकिनींची आणि त्याची फार दोस्ती नव्हती. आसरा मिळेना म्हणून तो इथे आला होता.

सकाकिनींच्या घरी बायको होती, लहान मुलगा होता. दार लावून घेतलं असतं तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी बराच विचार केला. त्या माणसाचं राजकारण काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण आसरा मागायला आलेल्याला हाकलणं म्हणजे आपल्या अरब रीतीला काळिमा, आणि आपल्या पूर्वजांनी जपलेली मेहमाननवाजी आपल्या हातून मोडायची नाही, असं त्यांनी ठरवलं. लेव्हिनला आत घेतलं.

लेव्हिन धर्माने पक्का होता. आपण जसं हलाल पाहतो तसं ज्यू कोशर पाहतात. त्याला फक्त कोशर जेवण चालायचं आणि ते त्याच्या माणसांकडून यायचं. त्याच मागावर पोलीस आले. डिसेंबरच्या सुरुवातीला दोघंही पकडले गेले. अरब ख्रिश्चन मास्तर आणि ज्यू विमा एजंट यांना एकाच दोरीने बांधून शहराबाहेर चालवत नेलं. पुढे दमास्कसच्या तुरुंगात टाकलं. त्यानंतर काही दिवसांतच, ९ डिसेंबर १९१७ रोजी जेरुसलेम इंग्रजांच्या हाती पडलं. आणखी थोडे दिवस निभावलं असतं तर दोघंही वाचले असते. दमास्कसमध्ये मात्र त्यांची मैत्री जमली.

आमच्या वर्गातल्या त्या पहिल्या मुलाला मी एवढंच म्हटलं की बाळा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोरीत आहे.

मग भांडण नेमकं कशाचं?

उरलेलं अर्धं उत्तर पुढे आहे. ज्या हिवाळ्यात सकाकिनी तुरुंगात गेले, त्याच्याच आधी, २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटनने बाल्फोर जाहीरनामा काढला. पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी राष्ट्रीय घर उभारायला मदत करू, असं वचन त्यात दिलं. तिथे आधीपासून राहणाऱ्या अरबांचं मत कोणी विचारलं नाही. त्यांचा उल्लेख नावाने न करता, ज्यूंखेरीज इतर समाज असा केला. घर एकाचं, वचन देणारा दुसरा आणि घेणारा तिसरा, असा हा मामला होता.

युरोपातले ज्यू इकडे का येत होते, हेही मुलांना सांगायला हवं. नाहीतर गोष्ट अर्धवट राहते. रशियात त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत होते, कत्तली होत होत्या. पुढे हिटलरच्या जर्मनीने साठ लाख ज्यूंना ठार मारलं. हा छळ युरोपने केला. त्यातून जगायला जागा शोधणारी माणसं होती आणि त्याच वेळी त्या जागेवर आपलंच राष्ट्र उभारायची चळवळही होती. या चळवळीला झायोनिझम म्हणतात. ज्यू असणं आणि झायोनिस्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू घ्या. अलिबागकडे त्यांना शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे. शेकडो वर्षं ते आपल्या शेजारी मराठी बोलत राहिले. पुढे त्यातले बरेच इस्राएलला गेले, पण इथे असताना कोणाचं त्यांच्याशी वैर नव्हतं.

सकाकिनींनाही ज्यूंच्या ज्यू असण्याबद्दल तक्रार नव्हती. १९२० मध्ये ते जेरुसलेमच्या शिक्षक प्रशिक्षण विद्यालयाचे प्रमुख होते. ब्रिटनने हर्बर्ट सॅम्युअल यांना पॅलेस्टाइनचे पहिले हाय कमिशनर नेमलं. सॅम्युअल हे झायोनिस्ट चळवळीचे उघड पाठीराखे. या नेमणुकीच्या निषेधात सकाकिनींनी राजीनामा दिला आणि चांगल्या पगाराची नोकरी सोडून ते काही वर्षांसाठी इजिप्तला गेले. सॅम्युअल परत गेल्यावर १९२६ मध्ये ते शिक्षण खात्यात इन्स्पेक्टर झाले आणि गावोगावच्या शाळा तपासत फिरले.

आता आकडे पाहा. १९२२ च्या ब्रिटिश जनगणनेत पॅलेस्टाइनची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती. त्यात ज्यू सुमारे ८४ हजार, म्हणजे शंभरात अकरा. १९४७ पर्यंत ते तीनात एक झाले. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला आणि एक तृतीयांश असलेल्या समाजाच्या राज्याला निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के जमीन दिली. भारताने या ठरावाच्या विरोधात मत दिलं होतं. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

मन कठोर होतं तेव्हा

इथे मी थांबलो असतो तर गोष्ट सोयीची झाली असती. पण मास्तराने मुलांना सोयीचंच सांगू नये.

१९२९ मध्ये हेब्रोनमध्ये ६७ ज्यूंची हत्या झाली. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे आणि धार्मिक शिक्षण घेणारे लोक होते. त्याच दिवशी त्याच गावातल्या मुसलमान कुटुंबांनी शेकडो ज्यूंना आपल्या घरात लपवून वाचवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायच्या असतात. १९३६ मध्ये अरबांचा मोठा उठाव झाला आणि इंग्रजांनी तो चिरडला.

सकाकिनींचा मुलगा सरी तेव्हा अमेरिकेत शिकत होता. वडील त्याला पत्रं लिहायचे. त्या पत्रांत दोन सकाकिनी दिसतात. एक लिहितो की या संकटात अरब मरो, इंग्रज मरो की ज्यू मरो, मला सगळ्यांचं दुःख होतं. दुसरा मात्र जेरुसलेमच्या सिनेमागृहावर झालेल्या हल्ल्याला, ज्यात तीन ज्यू ठार झाले, बहादुरी म्हणतो. लेव्हिनसाठी तुरुंगात गेलेलाच हा माणूस. ब्रिटनचा शत्रू तो आपल्या कामाचा, या हिशेबाने पुढे त्यांनी जर्मनीकडूनही आशा धरली. ती चूक होती. सिनेमा पाहायला गेलेल्या नि:शस्त्र माणसाला मारणं बहादुरी नाही. आपला दीनही लढाईत बेकसूर माणसावर हात उचलू देत नाही.

मग मी मुलांना ही बाजू का सांगितली? कारण सकाकिनी वाईट माणूस नव्हते. मुल्क डोळ्यांसमोर हातातून जाताना, कोणी ऐकून घेत नसताना, भल्या माणसाचंही मन कसं कठोर होतं हे इथे दिसतं. वीस वर्षं अन्याय चालू राहिला की तो माणसाच्या घरात शिरतो आणि त्याच्या पत्रांतही उतरतो. हे समजून घेणं म्हणजे त्याचं समर्थन करणं नव्हे. दुसऱ्या बाजूच्या माणसांनाही हाच नियम लावून पाहा, असं मी मुलांना सांगितलं.

३० एप्रिल १९४८

१९३७ च्या सुमारास सकाकिनींनी जेरुसलेमच्या कतमोन भागात घर बांधलं. खोल्यांना त्यांनी अरब शहरांची नावं दिली होती. दमास्कस, बगदाद, सना, कॉर्डोबा. घरात हजारो पुस्तकं. रोज सकाळी गार पाण्याने आंघोळ, व्यायाम, संध्याकाळी हुक्का आणि व्हायोलिन. त्यांच्या कार्डावर पदवी नव्हती. इन्शाअल्लाह आपण एक इन्सान आहोत, एवढंच त्यांनी त्यावर छापलं होतं. १९३९ मध्ये सुलताना वारल्या आणि या घरात त्या नसल्याचं दुःख ते डायरीत लिहीत राहिले.

जानेवारी १९४८ मध्ये ज्यू सशस्त्र संघटना हगानाने कतमोनमधलंच सेमीरामिस हॉटेल उडवलं. त्यात वीसहून अधिक माणसं मेली. ९ एप्रिलला जेरुसलेमजवळच्या दैर यासीन गावात इर्गुन आणि लेही या गटांनी शंभरहून अधिक गावकऱ्यांना मारलं. त्यात बायका-मुलंही होती. चारच दिवसांनी अरबांनी हदासा हॉस्पिटलकडे जाणाऱ्या ज्यूंच्या ताफ्यावर हल्ला केला. त्यात डॉक्टर आणि नर्ससह सत्तरहून अधिक माणसं मेली. कतमोनमध्ये रात्रंदिवस गोळीबार चालू होता. शेजारी एकेक करून निघून गेले. सकाकिनी सत्तर वर्षांचे होते. ते शेवटपर्यंत थांबले.

३० एप्रिल १९४८ च्या सकाळी मुली हाला आणि दुम्या यांच्यासह ते मोटारीने कैरोकडे निघाले. दोन आठवड्यांनी इस्राएलची स्थापना झाली. थोडे दिवस गेले की परत येऊ, असं निघताना अनेकांना वाटत होतं. म्हणून घरं कुलूप लावून बंद केलेली, चाव्या खिशात. त्या वर्षभरात सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी बेघर झाले आणि त्यांना परतू दिलं गेलं नाही. पॅलेस्टिनी याला नकबा म्हणतात, म्हणजे महासंकट. गाझाची बहुसंख्य वस्ती या बेघर झालेल्यांच्या मुला-नातवंडांची आहे. आज बातम्यांत जे दिसतं त्याचं मूळ त्या चाव्यांत आहे.

कैरोत सकाकिनींना मान मिळाला. अरबी भाषा अकादमीचे ते सदस्य झाले. पण डायरीत त्यांनी सगळ्यात जास्त आठवण काढली ती पुस्तकांची. ती जाळली गेली असतील, लुटली गेली असतील, की किराणा दुकानात पुड्या बांधायला गेली असतील, हा घोर त्यांना लागून राहिला. मे १९५३ मध्ये तरणाताठा मुलगा सरी हृदयविकाराने गेला. तीनच महिन्यांनी, १३ ऑगस्ट १९५३ रोजी खलील सकाकिनी परक्या शहरात वारले. सुलतानाची कबर जेरुसलेममध्येच राहिली.

लायब्ररीतली पुस्तकं

१९६७ च्या युद्धानंतर शहराच्या दोन भागांमधली हद्द उघडली. रामल्लाहला राहणाऱ्या हाला आणि दुम्या आपलं घर पाहायला कतमोनला गेल्या. घर उभं होतं. त्यात लहान मुलांची शाळा भरत होती. दोन्ही बहिणी आपल्याच घरात परक्या पाहुण्यांसारख्या फिरून बाहेर आल्या.

मग त्या इस्राएलच्या राष्ट्रीय लायब्ररीत गेल्या. पुस्तकं जळली नव्हती, पुड्यांनाही गेली नव्हती. १९४८ मध्ये पश्चिम जेरुसलेमच्या अरब घरांमधून सुमारे ३० हजार पुस्तकं गोळा करून या लायब्ररीत आणली होती. त्यातल्या हजारो पुस्तकांवर आजही बेवारस मालमत्ता या अर्थाची खूण आहे. बहिणींनी वडिलांची पुस्तकं मागवली. पानांच्या कडेला वडिलांच्या अक्षरात लिहिलेले शेरे होते. त्यांनी पुस्तकं पाहिली आणि परत करून त्या निघाल्या.

हे सांगून झालं तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं की पुस्तकावर मालकाचं नाव आणि अक्षर असताना ते बेवारस कसं? मी उत्तर दिलं नाही. वहीत लिहून ठेव म्हटलं.

आता रामल्लाहमध्ये सकाकिनींच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. त्यांच्या डायऱ्याही आठ खंडांत छापून आल्या आहेत.

मुलं आपल्याला प्रश्न विचारतील तेव्हा त्यांना गप्प बसवू नका आणि नुसता राग भरूनही सोडू नका. पॅलेस्टिनींचं घर गेलं, त्यांना परतण्याचा हक्क नाकारला गेला, हे स्पष्ट सांगा. त्यात भीड बाळगायची गरज नाही. सोबत हेही सांगा की त्यांच्यातल्याच एका मास्तराने आपला जीव धोक्यात घालून एका ज्यूला घरात घेतलं होतं. मजलूमच्या बाजूने उभं राहायचं आणि कोणत्याही कौमच्या बेकसूर माणसाचं वाईट चिंतायचं नाही, या दोन्ही गोष्टी एका वेळी करता येतात. सकाकिनींना १९१७ मध्ये ते जमलं. पुढे ते डगमगले, तरी डायरीत आपलं दुःख आणि आपली चूक दोन्ही लिहून ठेवून गेले.

त्या नववीतल्या मुलांची आता दहावी आहे. परवा त्यातली तिसऱ्या बाकावरची मुलगी भेटली. सकाकिनींचं ते पहिलीचं पुस्तक कुठे बघायला मिळेल, असं विचारत होती. शोधतो म्हणालो आहे.